हडबीची शेंडी कागदावर उतरेना

मनमाडहून येवल्याकडे निघालं की हडबीची शेंडी आणि अंकाई-टंकाई एका नजरेत येतात. जलरंग शिकायला लागल्यावर पहिलं लँडस्केप इथलंच करायचं, हे मनात पक्कं होतं. कागद भिजवला, आकाशाचा वॉश खाली ओढत आणला, समोर पाहिलं आणि काही सुचेना. अंगठ्यासारखा तो काळा सुळका, किल्ल्याचा कडा, पुढ्यातली बाभूळ, सगळं सारखंच ठसठशीत! दुपारचं आमचं ऊन कशालाच मागे सरकू देत नाही. त्यात वारा असा, की दुसरा रंग कालवेपर्यंत पहिला वॉश खडखडीत वाळतो.

सर म्हणाले, "लांबचं फिकट, जवळचं गडद." पण लांबचं फिकट दिसतच नसेल तर?

मग जुनी चित्रं पाहत सुटले. काळ्या कातळासाठी आधी साल्वातोर रोझाकडे (1615-1673) गेले. नापोलीचा हा चित्रकार कड्यांचा आणि मोडक्या झाडांचा, म्हणून सह्याद्रीला जवळचा वाटला. पण त्याच्या कातळात वादळ आहे. मला हवी होती हवा. ती सापडली क्लोद लोरँपाशी. लॉरेन प्रांतातला हा माणूस रोममध्ये रमला आणि 1682 मध्ये तिथेच वारला. त्याच्या चित्रात कडेला गडद झाड, मध्ये पाणी आणि शेवटी उजेडात विरघळत चाललेला डोंगर. त्याच्याबरोबर तिवोलीला चित्रं काढणाऱ्या सांद्रार्टने लिहून ठेवलंय, की क्लोद पहाटेपासून रात्रीपर्यंत रानात पडून राही, उगवतीमावळतीच्या छटा निरखी, तसे रंग तयार करी आणि घरी येऊन चित्राला लावी.

केवढा धीर आला मला! एवढा मोठा चित्रकारही आधी नुसता बघत होता.

आता थंडीत भल्या सकाळी जाते. सुळक्याचं टोक आधी तांबूस होतं, बुंधा निळाच राहतो. त्या निळ्यासाठी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएनाचा किंचित हात द्यायचा. तो जास्त झाला की डोंगर अंगावर येतो, कमी पडला की आकाशात हरवतो. म्हणून छोट्या कागदांवर नुसते रंगाचे पट्टे ओढते आणि शेजारी वेळ लिहिते. आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटीतीर्थाच्या काठी वर्षानुवर्षं रंगवत राहिले ते का, हे आता थोडं उमगतंय.

सरांसाठी पुढचा प्रश्न तयार आहे: ऊन चढल्यावर सकाळचा तो निळा धुरकट पट्टा विरून जातो, मग चित्रात हवा आणायची कुठून?