फेब्रुवारीचा पहिला आठवडा

रत्नागिरी, ३ फेब्रुवारी
आज संत ब्लेझ. मिस्सा संपल्यावर फादरांनी कालच्या सणाला आशीर्वाद दिलेल्या दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून एकेकाच्या गळ्याला लावल्या. घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला या आर्मेनियातल्या बिशपांनी वाचवलं, अशी आख्यायिका आहे. बांगड्या-पेडव्यावर वाढलेल्या आम्हाला ती वेगळी समजवावी लागत नाही. माझ्या पुढच्या मावशी नातवाची हनुवटी वर धरून उभ्या होत्या. गार मेण गळ्याला लागताच पोर खुदकन हसलं.

४ फेब्रुवारी
आज वेदीवर लाल वस्त्रं, हुतात्म्याचा दिवस. संत जॉन डी ब्रिटो लिस्बनच्या सरदार घराण्यातले. भगवी वस्त्रं नेसून धर्मप्रसार करत मदुराईच्या मुलखात हिंडले. १६९३ साली आजच्याच तारखेला ओरियूरला त्यांचा शिरच्छेद झाला. संतांचे सण बहुधा मृत्यूच्या दिवशीच येतात, कारण त्या दिवशी त्यांचा स्वर्गात जन्म झाला, अशी आमची श्रद्धा. आईच्या पुण्यतिथीची मिस्सा सांगताना मला याच श्रद्धेचा आधार वाटतो.

६ फेब्रुवारी
आज आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी जपानला गेले, तिथली भाषा शिकले, व्यापार केला आणि मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. धर्मगुरू ते कधीच नव्हते. फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्तांचे दुभाषे म्हणून पुन्हा जपानला आले आणि तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात त्यांचं म्हणणं मांडत राहिले. पुढे त्यांना आणि साथीदारांना ठार मारण्याचा हिदेयोशीचाच हुकूम सुटला. क्योतोत कैद्यांचे डावे कान कापले, ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवलं. त्यांत बारा वर्षांचा लुई इबाराकीही होता. १८६२ मध्ये सर्वांना संतपद मिळालं. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत.

कचेरीत दिवसभर मीही दुसऱ्यांचं म्हणणं कागदावर उतरवते. साहेबांना रुचेल असं ते वळवण्याचा मोह रोज होतो. म्हणून आज संत गोन्सालोंकडे एवढंच मागितलं: ज्याचा अर्ज हातात येईल, त्याचं म्हणणं जसंच्या तसं पुढे पोचवण्याचं धैर्य माझ्यासाठी देवाकडे मागा.

रात्री रोझरीनंतर मुलांना त्यांची गोष्ट सांगितली. धाकटीने विचारलं, "वसईचे म्हणजे ते मराठी बोलायचे?" म्हटलं, आईची भाषा त्यांना येतच असणार. उद्या तिला नकाशावर वसई आणि नागासाकी दाखवायची आहे.