किती जागं व्हायचं?

उशाशी वही ठेवणं, जाग आल्यावर कूस न बदलता स्वप्न आठवणं, दिवसा अधूनमधून हाताकडे बघून ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही?’ असं विचारणं, घड्याळातली वेळ दोनदा वाचणं, हे सगळं ल्युसिड ड्रीमिंगच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कळतं. त्यावर मी लिहीत नाही. मला एकाच प्रश्नानं वर्षानुवर्षं छळलंय आणि रजोनिवृत्तीनंतर माझी झोप पालटली तेव्हा तो नव्यानं समोर आला. त्यातच भाची माझ्याकडे शिकायला लागली आणि तिनंही नेमकं तेच विचारलं, “मावशी, किती जागं व्हायचं गं?”

स्वप्न चालू असताना हे स्वप्न आहे असं कळावं, आणि कळूनही झोप मोडू नये. एवढंच तर साधायचं असतं. पण कळायला जागेपण लागतं आणि स्वप्नाला झोप. दोन्हींचं माप कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

पहिली अडचण पहाटेची. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते आणि पापणीआड डोळे भराभर हलतात ती स्वप्नांची अवस्था रात्र सरेल तशी लांबत जाते. म्हणून पाचेक तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, मनाशी हेतू धरायचा आणि पुन्हा झोपायचं अशी रीत आहे. हेतू धरण्याची पद्धत स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी बसवली. नुकतंच मोडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात आपण सावध झालो आहोत असं बघायचं आणि ‘पुढच्या स्वप्नात मला आठवेल की हे स्वप्न आहे’ असं म्हणत झोपी जायचं. वाक्य सोपं आहे. पण ते लख्ख डोक्यानं म्हटलं तर झोप उडते, आणि पेंगत म्हटलं तर अर्ध्यावर सुटतं. मग एकदम दूधवाल्याची बेल ऐकू येते.

ऑस्ट्रेलियातल्या डेनहोम ॲस्पी यांचा 2017 सालचा अभ्यास मला म्हणूनच मोलाचा वाटतो. पाच तासांनी उठून, ही पद्धत करून पुन्हा झोपलेल्यांना सरासरी सुमारे 17 टक्के वेळा यश आलं. पण जे पद्धत संपल्यावर पाच मिनिटांच्या आत झोपले, त्यांचं यश 46 टक्क्यांच्या घरात गेलं. वाक्य किती वेळा म्हटलं यापेक्षा ते म्हणून झाल्यावर माणूस किती लवकर झोपला, हे महत्त्वाचं ठरलं. मला हे अंगानं आधीच ठाऊक होतं, आकडा नंतर भेटला.

चाळिशीत मी हे माप अचूक धरायची. दिवा न लावता उठायचं, पाणी प्यायचं, खिडकीशी थोडं उभं राहायचं, परत आडवं व्हायचं. आता चारच्या सुमाराला अंगातून वाफा निघून जाग येते. ही जाग मी निवडलेली नसते. पाठ घामेजलेली असते आणि डोक्यात शाळेतल्या प्रॅक्टिकलच्या परीक्षा, गॅसचा नंबर, नणंदेचं ऑपरेशन असं सगळं हजर असतं. अशा डोक्यानं हेतूचं वाक्य म्हणायला गेलं की ते सूचनाफलकावरच्या सूचनेसारखं कोरडं उमटतं. बराच काळ मी जोर लावून ते म्हणत राहिले. हल्ली वाक्य सोडून दिलंय. शेवटच्या स्वप्नातली फक्त जागा आठवते. बहुतेक वेळा ती आमची प्रयोगशाळा असते आणि फळ्यावर मला न येणारा कुठलातरी विषय लिहिलेला असतो. त्या फळ्यासमोर मी नुसती उभी राहते. हेतू त्या उभं राहण्यातच असतो, तो बोलून दाखवावा लागत नाही. याला नाव द्यायची मला गरज वाटत नाही.

दुसरी अडचण स्वप्नाच्या आतली, आणि ती जास्त कठीण. ‘अरे, हे स्वप्न आहे!’ असा आनंद झाला की छाती धडधडते आणि पुढच्याच क्षणी छतावरचा पंखा दिसतो. त्यावर तळहात एकमेकांवर चोळा, जागच्या जागी गिरकी घ्या, असे उपाय सांगतात, आणि ते चालतात. पाउल टोलाय या जर्मन मानसशास्त्रज्ञानं नोंदवून ठेवलंय की एका बिंदूवर नजर रोखली की स्वप्न विरतं. तेही खरं आहे. पण हे सगळे उपाय जास्त जागं होणाऱ्याचे आहेत. कमी जागं होणाऱ्याचं काय?

माझे वडील जाऊन आता काही वर्षं झाली. ते स्वप्नात येतात तेव्हा ओटीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत असतात. ते गेलेले आहेत हे मला आठवलं की माझी खात्री पटते, हे स्वप्न आहे. पण तेच आठवणं इतकं जोरात येतं की घशात हुंदका येतो आणि मी जागी होते. ते गेलेत हे विसरले तर आम्ही छान गप्पा मारतो, कोथिंबिरीच्या भावापासून सगळ्या, पण सकाळी उठल्यावर ते साधंच स्वप्न राहतं. मी तिथे असूनसुद्धा नसते. हे दोन्ही एकाच वेळी कसं धरायचं, यावर माझी कित्येक वर्षं गेली आहेत. सध्या एक गोष्ट साधते. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, फक्त अडकित्त्याचा आवाज ऐकत शेजारी बसायचं. आवाजाला चिकटून राहिलं की जाणीव टिकते आणि हुंदकाही आवरतो. फार वेळ नाही. पण पूर्वी जेवढा वेळ मी स्वप्नात साताऱ्यावरून उडायची, त्यापेक्षा हा मला मोठा वाटतो.

उडण्याबद्दल मला गर्व होता, हे कबूल करते. लग्नकार्यात, सहलीत, स्टाफरूममध्ये मी अजिंक्यताऱ्यावरून घेतलेल्या घिरट्या रंगवून सांगायची आणि ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे झालेले मला आवडायचे. भाचीला थोड्याच दिवसांत पहिलं सजग स्वप्न पडलं तेव्हा मी तिची उलटतपासणी घेतली. ते साधंच स्वप्न ठरावं, असं मला आतून वाटत होतं. पण तिनं सांगितलेल्या खुणा खऱ्या होत्या. तिची झोप गाढ आहे, डोकं हलकं आहे, आणि ते माप तिच्याकडे आपसूक आहे.

काही जण या मापाला वळसा घालू बघतात. जागेपणातून जाणीव न सोडता थेट स्वप्नात उतरणारे स्वतःला वरच्या वर्गातले समजतात. त्या वाटेवर हातपाय जखडल्यासारखे होतात, छातीवर कुणी बसल्याचा भास होतो, आणि नवशिक्याचं धैर्यच खचतं. झोपेत दिवे लुकलुकवणारे मास्क येतात. आणि गॅलॅन्टामाइन. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ मिलिग्रॅमच्या मात्रेनं 42 टक्के लोकांना सजग स्वप्नं पडली, औषध नसलेल्या नुसत्या गोळीनं 14 टक्क्यांना. आकडे खरे आहेत. पण ते अल्झायमरवरचं औषध आहे, हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो, आणि गंमत म्हणून ते घेणं मला साफ नामंजूर आहे.

‘हे तर आपल्या उपनिषदात आहे’ म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. मांडूक्य उपनिषद जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती सांगतं ते त्यांच्या पलीकडच्या चौथ्या अवस्थेकडे बोट दाखवायला. स्वप्नात भटकायला नव्हे. तिबेटी साधक नारोपाच्या सहा योगांमधला स्वप्नयोग करतात, तेही मृत्यूची तयारी म्हणून. त्या साधना फार मोठ्या आहेत. माझी विद्या लहान आहे आणि तिला उसनं मोठेपण नको.

तिचा पुरावा प्रयोगशाळेत झालेला आहे, तेवढा मला पुरतो. एप्रिल 1975 मध्ये इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या यंत्रांना जोडलेल्या ॲलन वॉर्सली यांनी झोपेतून ठरलेल्या पद्धतीनं डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली. खूण आठवेल इतके ते जागे होते, आणि यंत्रावर झोप मोडली नाही इतके झोपलेले. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर रेघांनी लिहिलेलं आहे.

पण ही विद्या ज्यावर उभी आहे त्या झोपेचाच आज ऱ्हास झालाय. आजी म्हणायची, पहाटेचं स्वप्न खरं होतं. ते खरं होवो न होवो, पहाटेला स्वप्नं सर्वांत लांब पडतात हे खरं आहे. माझे विद्यार्थी बारा-साडेबारापर्यंत मोबाइल बघतात आणि साडेपाचला गजर लावतात. रात्रीचे जे दोन तास कापले जातात, ते नेमके स्वप्नांचे असतात. त्यांच्यातलं कुणी मला ल्युसिड ड्रीमिंग शिकवा म्हणालं, तर मी आधी झोपायला सांगते. ज्याला जागेपणीच खऱ्याखोट्याची सरमिसळ होण्याचा त्रास आहे, त्याला मी शिकवत नाही.

आता एक विनंती, माझ्या वयाच्या वाचकांना. पहाटे चारला डोळे उघडतात म्हणून चिडचिड करणारे आपण पुष्कळ आहोत. त्या वेळी मोबाइल हातात घेऊ नका. मोडलेल्या स्वप्नातली जागा आठवा, जमलं तर परत झोपा, आणि सकाळी जे आठवेल ते दोन ओळी का होईना, तारीख घालून लिहून ठेवा.