ऊन लागते तेव्हा

दिवाळीच्या फराळाला बसून मे महिन्यातल्या सहली ठरवणारी घरे पुष्कळ आहेत. बाहेर पहाटेचा गारवा असतो, हातात चकली असते, आणि उन्हाळा अशा वेळी फार सज्जन वाटतो. तेव्हा ऐन दिवाळीत मी उन्हाची गोष्ट काढली, तर वाचकांनी रागावू नये.

मराठी भाषेला उन्हाची पारख मोठी. ते कोवळे असते, कलते असते, रणरणते असते. पौषात ते आपण खातो आणि वैशाखात ते आपल्याला लागते. ठेच लागते, दृष्ट लागते, तसेच ऊनही लागते. (झोप लागते आणि गोडीही लागते म्हणा, पण वैशाखातल्या उन्हाची सोयरीक पहिल्या दोघींशीच!) ज्यांनी ही भाषा घडवली, ते भर दुपारी ओसरीवर आडवे का होत, हे निराळे सांगायला नको. शहरात येऊन आपण त्यांना आळशी ठरवले. आपला रविवार उशिरा उठून सुरू होतो आणि मग टळटळीत उन्हात गड चढून तो वसूल करावा लागतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही आठजण सिंहगडाला निघालो. पहाटे साडेपाचचा बेत होता. आतकरवाडीला पोचेपर्यंत दहा वाजून गेले. वहिनी म्हणाल्या, "अहो, आता मोटारीच्या रस्त्यानेच वर जाऊ या." आमचे चुलतबंधू, दादा, पन्नाशी ओलांडलेले. ते टोपी काढून म्हणाले, "हे केस काय उन्हाने पांढरे झाले?" सगळे हसले आणि चढू लागले. प्रत्येकाच्या खिशात कांदा मात्र होता. कांद्याविषयी मला आदर आहे, पण तो पानात. खिशातून तो उन्हाला कसा अडवतो, हे मला कोणी पटवून दिलेले नाही.

निम्म्या वाटेवर दादांचे विनोद थांबले. ते पहिल्यांदा वहिनींच्या ध्यानात आले. मग ते मला भलत्याच नावाने हाक मारू लागले, पाय लटपटले, आणि हात धरला तो चटका बसावा असा तापलेला. वाटेवर ताक विकणारी एक बाई बसली होती. तिने नुसते पाहिले आणि उठली. "ऊन लागलंय ह्यांना, सावलीत घ्या!" तिने सदऱ्याची बटणे सोडायला लावली, कळशीतले पाणी डोक्यावर, मानेवर ओतले आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागली. कोणी तरी पाण्याची बाटली दादांच्या तोंडाला लावली, तशी ती ओरडली, "आधी सुध येऊ द्या, ठसका लागंल!"

डॉक्टर नंतर म्हणाले, पहिली पंधरा मिनिटे त्या बाईने सांभाळली. माणसाचे अंग ३७ अंशांच्या आसपास राहते ते घामाच्या जोरावर. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. अंगातले पाणी आटले, किंवा हवा दमट असून घाम वाळेना, की ताप चढतो. तो ४० अंशांपलीकडे गेला आणि माणूस बरळू लागला, की तो उष्माघात. मग आधी गार करायचे आणि लगोलग १०८ ला फोन करायचा. दमट हवेत तर पारा फार चढावाही लागत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभात ऊन लागून १४ माणसे गेली, तेव्हा तो ३८ च्या आसपासच होता.

दादा दोन रात्री इस्पितळात होते. ताकवालीने पाण्याचे पैसे घेतले नाहीत. धावपळीत लवंडलेल्या ताकाचे तेवढे मोजून घेतले.

आता सहलीला निघताना वहिनी लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भरतात, घड्याळ स्वतःच्या हाती ठेवतात आणि चढणीवर दादांना सारखे बोलते ठेवतात. एकदा ते वैतागून म्हणाले, "अगं, किती बोलायला लावशील?"

"सावली येईपर्यंत," वहिनी म्हणाल्या.