शेवगावचा कापूस आणि वाऱ्यावरचं सूत

मैत्रिणींनो, वाती वळायला बसलात की आधी काय करता? कापूस उलगडून त्यातला सरकीचा तुकडा, काडी, पानाचा चुरा नखाने काढून टाकता. नाहीतर वात नेमकी तिथेच तुटते. देवघरातली ही साधी गोष्ट मला यंदा शेवगावच्या शेतात पुन्हा पुन्हा आठवली.

नगर म्हटलं की आपल्याला ऊस आठवतो, प्रवरेचा साखर कारखाना आठवतो. पण नगरहून एसटीने करंजीच्या घाटातून तिसगाव, अमरापूर करत शेवगावकडे निघा. दसरा-दिवाळीनंतर जाल तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या रानात पांढरी बोंडं फुटलेली दिसतील. अमरापूरला रेणुकामातेचं दर्शन घ्यायला उतरा, मग पुढची गाडी धरा. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. कंडक्टरपाशी मात्र माझ्या तोंडून अजून 'नगर'च निघतं! अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातलं, आणि महेश्वरला विणकर वसवून लुगड्यांचा धंदा वाढवला तोही त्यांनीच. तेव्हा सुताच्या गोष्टीला हे नाव काही परकं नाही.

शेवगावजवळ माझ्या जाऊबाईंचं शेत आहे. सकाळी दव उतरल्यावर बायका कमरेला ओटी बांधून वेचणीला लागल्या. मीही हौसेने लागले. अर्ध्या तासात बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडली आणि ओटीत कापसापेक्षा पालाच जास्त! शेजारची बाई हसली. मी म्हटलं, "तुम्ही तरी पाला निवडून काढता का?"

"ताई, मजुरी किलोवर. पाला निवडीत बसले तर सांजच्याला काट्यावर काय दावू?"

यावर मला काही बोलता आलं नाही.

दुपारी जिनिंगमध्ये गेलो. तिथे सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. शंभर किलो कापसातून रुई जेमतेम पस्तीस किलो, बाकी बहुतेक सरकी. तिचं तेल निघतं आणि पेंड गुरांना जाते. रुई दाबून १७० किलोची एकेक गाठ बांधतात. पुढे या गाठीचं काय होतं, ते मी गेल्या वर्षी इचलकरंजीला नणंदेकडे गेले होते तेव्हा पाहिलं होतं. ते सांगितल्याशिवाय त्या बाईच्या प्रश्नाचं मोल कळायचं नाही.

चरख्यावर टकळी पीळही देते आणि सूत गुंडाळतेही. गिरणीतल्या जुन्या पद्धतीच्या यंत्रातही पीळ देण्यासाठी आख्खी बॉबिन गरागरा फिरवावी लागते. तिचं वजन आणि आकार आला, म्हणजे वेगाला मर्यादा आलीच. मग लोकांनी विचार केला की फिरवायचंच तर फक्त सुताचं मोकळं टोक का फिरवू नये? चेकोस्लोव्हाकियात हे जमलं. १९६७ मध्ये 'बीडी २००' नावाचं यंत्र बाजारात आलं. मोकळ्या टोकाचं म्हणून 'ओपन एंड', आणि व्यापाऱ्यांच्या तोंडी 'ओई सूत'.

आत काय चालतं म्हणाल, तर कापसाचा जाड पेळू बारीक दातांच्या रुळावर येतो. हा रूळ तंतू न् तंतू सुटा करतो. पुढे एक निमुळती नळी. डबीतली हवा सतत ओढून घेतलेली असते, त्यामुळे नळीतून जोराचा वारा वाहतो आणि तंतू त्यावर तरंगत जातात. नळीच्या तोंडाशी लहानशा वाटीएवढा रोटर गरगरत असतो. सुरुवातीच्या यंत्रांत तो मिनिटाला तीसेक हजार फेरे घेई, आता लाखाच्याही वर जातो. धुलाईयंत्राच्या ड्रायरमध्ये कपडे कडेला चिकटून बसतात ना? तसेच तंतू रोटरच्या कडेच्या खाचेत थरावर थर बसतात. मग सुताचं एक टोक आत सोडायचं. ते खाचेतल्या तंतूंना धरतं, रोटरच्या प्रत्येक फेऱ्याला एक पीळ बसतो, आणि मधल्या भोकातून तयार सूत बाहेर येऊन सरळ मोठ्या कोनावर गुंडाळलं जातं. मी वाकून पाहिलं, पण डोळ्यांना वाटी फिरतेय हेसुद्धा कळेना!

या यंत्राला आखूड तंतू चालतात, दुसऱ्या यंत्रातून पडलेला कापूसही चालतो. म्हणून सूत स्वस्त. ते फुगीर असतं, पाणी चांगलं शोषतं. पण त्याच नंबरच्या जुन्या पद्धतीच्या सुतापेक्षा कमी मजबूत. तलम साडीला उपयोगाचं नाही. टॉवेल, चादर, सतरंजी, मुलांच्या जीन्स यांना उत्तम. घरी ओळखायचं असेल तर टॉवेलच्या कडेचा एक धागा काढा आणि चिमटीत उलटा पीळ द्या. साधं सूत सुटून तंतू सरळ वेगळे होतात. ओई सुताला मात्र काही तंतू करदोट्यासारखे वेढे घालून बसलेले असतात, ते सहजी सुटत नाहीत.

या यंत्राला खपत नाही ती घाण. पाल्याचा चुरा, धूळ रोटरच्या खाचेत साचली की सूत जाडबारीक होतं, नाहीतर तुटतं. गोणीच्या प्लॅस्टिकचा धागा आणि बाईच्या डोक्यातला केस तर सगळ्यात वाईट. शेतात ओटीत पडलेला केस थेट कापडात जातो, आणि रंगवताना तिथे रंग नीट धरत नाही. म्हणून वेचताना डोक्याला सुती फडकं बांधा, असं सांगतात.

जाऊबाईंना मी हे सगळं रात्री सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी जुन्या सुती लुगड्याच्या चार झोळ्या शिवल्या, प्लॅस्टिकच्या गोण्या बाजूला काढल्या आणि स्वच्छ वेचणीला किलोमागे एक रुपया जास्त कबूल केला. संध्याकाळी त्या बाईचा कापूस पाहिला. पांढराशुभ्र, पण वजनाला कालच्यापेक्षा कमी.

आठवड्याने जाऊबाईंचा फोन आला. व्यापाऱ्याने स्वच्छ नि घाण सगळं एकाच भावात घेतलं म्हणे.

"मग तो वरचा रुपया?" मी विचारलं.

"दिला की घरातून. शब्द दिलेला. पण पुढच्या वेचणीला काय करायचं, ते तूच सांग आता."