कॅप कशाची बसवायची?

आमच्या लॅबमध्ये डॉक्टरांकडून दाताचं माप येतं, सोबत चिठ्ठी. कॅप कशाची, शेड कोणती, एवढंच त्यात. पेशंट सहसा दिसतच नाही. जबलपूरला नेपियर टाउनमधल्या खोलीत मी १४ वर्षं हेच काम करते आहे. सासूबाई विचारणाऱ्यांना सांगतात, "सून दातांच्या फॅक्टरीत जाते."

तर सांगते. पोर्सिलेन म्हणजे मुख्यतः फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ, कपबशीच्याच घराण्यातलं. पावडर कालवून ब्रशनं थर चढवायचे. दात मुद्दाम मोठा घडवायचा, कारण ९०० अंशांच्या आसपास भट्टीत तो चांगलाच आकसतो. दिसायला खऱ्या दातासारखं, पण एकटं ठिसूळ. म्हणून १९६० च्या दशकापासून ते धातूच्या टोपीवर चढवू लागले. थंड होताना धातू पोर्सिलेनपेक्षा किंचित जास्त आकसायला हवा. ही जोडी चुकली की तडा गेलाच.

झिरकोनियाचं निराळं. खडूसारखा ठोकळा मशीन कोरतं, मग सुमारे १५०० अंशांत भाजला की तो दगडाहून घट्ट होतो. ताकद जुन्या पोर्सिलेनच्या दहापट तरी. आमच्यासारख्या हातानं थर चढवणाऱ्यांचं काम त्यानं कमी केलं, हेही खरं.

मागच्या वर्षी एक काकू शेड जुळवायला स्वतः लॅबमध्ये आल्या. समोरच्या दाताला जुनी धातूवरची कॅप, हिरडी वर सरकलेली, कडेला करडी रेघ. हसताना पदर तोंडावर. दाढेलाही कॅप हवी होती. पुण्याच्या लेकीनं फोनवर बजावलेलं, "आई, दोन्ही झिरकोनियाच घे. महाग ते चांगलं." काकांचं पेन्शन बेताचं, तरी त्या तयार होत्या.

त्यांचा शेजारचा दात टोकाला काचेसारखा पारदर्शक होता. त्याच्याशेजारी साधं झिरकोनिया खडूसारखं दिसलं असतं. (पारदर्शक झिरकोनियाही निघालंय, पण त्याची ताकद कमी.) मी डॉक्टरांना फोन लावला. समोर लिथियम डायसिलिकेट घेऊ का? ते काच-सिरॅमिक, झिरकोनियाइतकं मजबूत नाही, पण समोरच्या दाताला पुरतं आणि प्रकाश आत घेतं. दाढेला मात्र झिरकोनियाच. सुपारी कोण सोडणार! डॉक्टर "बघा तुम्ही" म्हणाले. त्या दातावर मी दोन संध्याकाळी घालवल्या.

कॅप बसल्यावर काकूंनी लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "यातला खोटा कोणता?" काकूंनी ते मला मुद्दाम दाखवलं.

तुम्हाला कॅप बसवायची असेल तर बिलावर मटेरियलचं नाव आणि शेडचा नंबर लिहून घ्या. पुढे दुसरी करायची वेळ आली की कामी येतो. शेड बघायला दिवसाउजेडी जा, लिपस्टिक पुसून. आणि दात घासायच्या आधीच शेड बघून घ्यायला सांगा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात.