कधीपासून?

"कधीपासून दुखतंय?" पंचवीस वर्षं मी हा प्रश्न विचारतोय आणि त्याचं सरळ उत्तर फार थोड्यांनी दिलंय. चंद्रपूरकडे आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल असतो, पण दुखणं घड्याळात कोणी मोजत नाही. "मोहफुलं वेचाले निघालो तवा." "लाइन गेली ना जी, तेच्या थोडं आधी." "मुक्कामी गाडी आली होती." मग ती मुक्कामी गाडी फाट्यावर किती वाजता येते, हे मी वॉर्डबॉयला विचारायचं. तो त्याच रस्त्यावरच्या गावचा आहे.

पोटाच्या साध्या दुखण्यात तासाभराची चूक खपून जाते. पीळ पडलेल्या वृषणात खपत नाही. वृषण ज्या दोरीला लोंबकळतं, त्याचा रक्तपुरवठा तिच्यातूनच येतो. काही मुलांत ते जन्मतःच सैल, घंटेच्या लोलकासारखं असतं. ऐन वयात येताना, पुष्कळदा झोपेतच, त्याची गिरकी होते. आधी शीर दबते. रक्त आत येतं, बाहेर पडत नाही. सूज वाढली की धमनीही बंद. सहा तासांच्या आत पीळ उलगडला तर बहुतेक वृषणं वाचतात, 24 तासांनंतर क्वचितच. अर्थात सहा ही काही कुंपणाची तार नव्हे. पीळ ढिला असेल तर मुदत वाढते, घट्ट दोन वेढे असतील तर चार तासही जास्त होतात.

आणि दुखतं कुठे? पोरगा सांगतो, पोटात. वृषणाच्या नसा पोटातूनच उतरतात, त्यामुळे तो खोटं बोलत नाही, उलटीही होते. शिकत होतो तेव्हा अशाच एका मुलाचं पोट मी रात्रीतून दोनदा तपासलं, अपेंडिक्स म्हणून सलाइन लावलं आणि चड्डी खाली कर म्हणालोच नाही. सकाळी राउंडला सरांनी नुसती चादर बाजूला केली. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते वृषण काढून टाकावं लागलं. तेव्हापासून पोट दुखणारा कुठलाही मुलगा असो, मी नातेवाइकांना बाहेर काढतो आणि पाहतोच.

परवाचा मुलगा चौदा वर्षांचा. पहाटे पाचला वडिलांनी जीपमधून आणला. "पित्त झालं वाटते डाक्टरसाहेब, दोन वाजतापासून ओकून राह्यला." वडिलांना चहा प्यायला पाठवलं. डावं वृषण वर ओढलेलं, आडवं. मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की ते किंचित वर उचललं जायला हवं. उजवं उचललं गेलं, डावं हललं नाही. डॉपलर करणारे डॉक्टर घरून यायला तास लागला असता. लक्षणं इतकी स्पष्ट असताना फोटोसाठी थांबणं मला मान्य नाही. भूलतज्ज्ञांना फोन केला. त्या सलवारवरच गाऊन चढवून आल्या.

पाच चाळीसला चिरा दिला. वृषण बाहेर आलं ते पिकल्या जांभळासारखं. मी थबकलो. दोनला दुखायला लागलं असेल तर पावणेचार तासही झाले नव्हते, आणि हा रंग तेवढ्या वेळाचा वाटेना. दोरीचे दीड वेढे उलगडले, गरम सलाइनमध्ये भिजवलेल्या मॉपमध्ये ते गुंडाळलं आणि हात बाजूला घेतले. हा भाग मला अजून नीट जमत नाही. काही करायचं नसतं, फक्त थांबायचं. दहा मिनिटांत सिस्टरांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, मी निदान चारदा.

रक्त अडण्याची दुखणी माझ्याकडे आणखीही येतात. गडचिरोलीकडून सिकलसेलची मुलं येतात. विळ्याच्या आकाराच्या पेशी लिंगातल्या रक्तात साचतात आणि ताठरता उतरत नाही. चार तासांपुढे धोका सुरू होतो. ही मुलं दुसऱ्या दिवशी येतात, कारण घरात हे कोणाला सांगायचं? सुईने डांबरासारखं रक्त ओढायचं, पातळ केलेलं फेनिलेफ्रिन थोडं थोडं सोडायचं, लालभडक रक्त दिसेपर्यंत.

वेळ चोख सांगणारी एकच बाई आठवते. लहानपणच्या सांध्यांच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेली, तिथून सुटलेली गुठळी मांडीच्या धमनीत अडकली. "दूध चुलीवर होतं, उतू गेलं, उतरवाले उठली तर पायच नाही." दूध येतं सहाला, तापतं साडेसहाला. तिची वेळ मी दहा मिनिटांच्या फरकाने काढू शकलो. पाय थंड, पांढरा, पण बोटं अजून हलत होती. जांघेत भूल देऊन फोगार्टी कॅथेटर घातला, गुठळीच्या पलीकडे फुगा सलाइनने फुगवला आणि मागे ओढला. बोटभर लांब गुठळी बाहेर आली, मागोमाग रक्त. टॉमस फोगार्टी यांनी विद्यार्थी असताना हे साधन रबरी हातमोज्याचं बोट नळीला बांधून केलं होतं. गाठ होती मासे धरायच्या गळावर कृत्रिम माशी बांधतात तशी. 1963 साली ते छापून आलं. त्याआधी अशा गुठळ्यांसाठी लांबलचक चिरे घ्यावे लागत.

तिकडे मॉप उघडला. खालच्या टोकाला गुलाबी डाग होता. आणखी पाच मिनिटं झाकून ठेवलं. मग आवरणाला बारीक छेद दिला, ताजं रक्त आलं. तीन टाके घालून वृषण जागेवर बसवलं. उजवंही बसवलं, कारण लोलक बहुधा दोन्हीकडे असतो. बाहेर वडिलांना हे समजावताना दुसऱ्या बाजूला का हात लावला, याचंच उत्तर जास्त द्यावं लागलं.

संध्याकाळी वॉर्डात पोरगा एकटा होता. मी विचारलं, "बाळा, खरं सांग, दोनलाच सुरू झालं?"

तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "नवालेच दुखलं होतं सर. आजी न ताई बाजूलेच बसून होत्या. सांगू कसं?"

केसपेपरवर मी दोन खोडून नऊ लिहिले आणि शेजारी सही केली.