दहा मिलिमीटरची चूक

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझ्या धाकट्या भावाचा लहानसा कारखाना आहे. आसपासच्या फाउंड्रींतून आलेल्या कास्टिंगना भोके पाडायची, त्यांचे पृष्ठभाग सपाट करायचे, एवढेच तिथले काम. मराठी शिकवणाऱ्या बाईचे तिथे काय अडले असणार? पण कारखान्यातली भाषा कानावर पडावी म्हणून सुट्टीत मी तिथे जाऊन बसते. ‘मशीन होमला घे’ हे वाक्य मी पहिल्यांदा तिथेच ऐकले. आपण दिवस संपल्यावर घरी जातो. यंत्राचा दिवस मात्र घरी जाऊनच सुरू होतो. या उलटेपणाची तेव्हा मला गंमत वाटली होती. पुढे जे घडले त्यात गंमत नव्हती, म्हणून हे लिहिते आहे.

भावाचे मशीन जुने, सेकंडहँड घेतलेले. त्याच्या मोटरवरचा एन्कोडर फक्त सरकलेले अंतर मोजतो. वीज गेली की तो हिशेब पुसला जातो आणि सकाळी आपले टेबल नेमके कुठे आहे, हे यंत्राला ठाऊक नसते. म्हणून आधी टूल वर उचलून घ्यायचे आणि मग टेबल एका ठरलेल्या टोकाकडे न्यायचे. तिथे एक स्विच असतो. टेबलावरची लोखंडी पट्टी, जिला ‘डॉग’ म्हणतात, त्या स्विचला दाबते आणि वेग मंदावतो. पण स्विच दाबला गेला म्हणजे घर आले, असे नव्हे. उष्णता, झीज, तेलात माखलेला धातूचा चुरा यांमुळे स्विच रोज किंचित पुढेमागे लागतो, आणि या कामात तेवढा फरकही चालत नाही. टेबल मंद गतीने सरकत राहते, पट्टी स्विचवरून सुटते, आणि त्यानंतर एन्कोडरकडून जी पहिली खूण येते तिथे शून्य मांडले जाते. ही खूण मोटरच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच येते. स्विच गल्ली सांगतो, खूण दार दाखवते. मात्र प्रत्येक गल्लीत अगदी तसेच एक दार आहे, हे मला तेव्हा सुचले नव्हते.

माझ्या एका विद्यार्थ्याला घरच्या अडचणींमुळे बी. ए. अर्धवट सोडावे लागले. मीच त्याला भावाकडे पाठवले. वर्षभरात तो मशीन चालवू लागला. एका सकाळी ड्रिल ठरल्या जागी न उतरता कास्टिंग धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर उतरले आणि तुटले. मोजले तर चूक बरोबर दहा मिलिमीटरची. भावाचे म्हणणे, याने ऑफसेटचा आकडा चुकीचा टाकला. मुलगा म्हणाला, आकड्याला मी हातही लावलेला नाही. स्क्रीनवर आकडा बरोबरच होता. पण त्याचाही अर्थ, याने तो मागाहून गुपचूप दुरुस्त केला, असाच लावला गेला. मशीन बंद करून पुन्हा होमला घेतले तर सारे सुरळीत. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच घडले. भावाने त्याचा अर्धा पगार कापला.

त्या रात्री मुलाचा फोन आला. “मॅडम, मी खरंच काही केलं नाही. तुम्ही एकदा दादांशी बोला ना.” आणखीही काहीतरी तो सांगत होता. मी त्याला मध्येच थांबवून म्हणाले, “चूक कबूल करण्यात कमीपणा नसतो रे.” महिनाअखेरीस त्याने काम सोडले.

पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा ड्रिल तुटले, तेव्हा मशीनवर भाऊ स्वतः होता. मग दुरुस्तीला माणूस बोलावला. त्याने झाकण उघडले, चुरा साफ केला आणि पट्टीचा सैल झालेला स्क्रू दाखवला. पट्टी इतकीच सरकली होती की ती स्विचवरून सुटण्याचा क्षण आणि खुणेचा क्षण जवळजवळ एक झाले होते. बहुतेक दिवशी पट्टी खुणेच्या जरा आधी सुटे. एखाद्या दिवशी जरा नंतर. मग ती खूण हुके आणि यंत्र पुढच्या फेऱ्यातल्या खुणेला घर समजे. त्याने पट्टी पाच मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा फेरा, सरकवून घट्ट केली आणि जाता जाता म्हणाला, “साहेब, माणसाची चूक दोन्ही खेपेला बरोब्बर दहाच येईल काय? दहा म्हणजे या स्क्रूचा एक फेरा.”

भावाने मला हे फोनवर सांगितले आणि बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. पुरावा त्या आकड्यातच होता. वर्गात मी मुलांना सांगत असते, शब्द नीट वाचा, निवेदकाला घाईने खोटे ठरवू नका. आणि समोर बोलणाऱ्या मुलाचे दुसरे वाक्यही मी ऐकून घेतले नव्हते.

आम्ही दोघे त्याला भेटायला गेलो. तो आता दुसऱ्या कारखान्यात आहे. भावाने कापलेले पैसे दिले आणि “चुकलं माझं” म्हणाला. मुलाने पाकीट हातात घेऊन विचारले, “पट्टी सरकली होती ना?” मग माझ्याकडे वळून, कसलीही तक्रार नसलेल्या आवाजात, तो म्हणाला, “त्या दोन्ही दिवशी होमला जाताना टेबल रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ हळू सरकलं होतं, मॅडम. मी दादांना सांगितलं होतं. तुम्हालाही फोनवर तेच सांगत होतो.”